मोठ्या जनावराची गोळी : धातू, वजन आणि परवाना

बदलापूर पूर्वेचा कात्रप भाग हा नोकरदारांचा आणि कारागिरांचा. शेजारी अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, दोन्ही गावांत एमआयडीसी आणि गल्लीबोळांत लेथ, प्रेस, पॉलिश व भंगार यांची लहानमोठी दुकाने. पितळेचा कप प्रेसवर ओढून त्याची लांब नळी कशी होते हे समजावून सांगणारा माणूस इथे शोधावा लागत नाही. मागे बारवी धरणाकडचे जंगल असल्याने बिबट्याची बातमीही अधूनमधून कानावर येते. मग चहाच्या टपरीवर प्रश्न निघतो, "वाघाला कोणती गोळी लागते? गव्याला केवढी?" उत्तरे मात्र सिनेमातली मिळतात. जितकी मोठी बंदूक तितके चांगले, असा एकंदर समज.

व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, मोठ्या व धोकादायक जनावरांसाठी गोळी निवडणे हा मुळात धातूचा प्रश्न आहे, आणि धातूच्या कारागिराला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. याच विद्येचा एखादा तुकडा "साधे जॉबवर्क" म्हणून कोणी आपल्या लेथवर आणून ठेवला आणि आपण न विचारता तो करून दिला, तर कारागिराचे घर उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून विद्याही समजून घ्यावी आणि हदही.

काडतुसाचे चार भाग

बोलताना आपण सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. खरे तर काडतुसाचे चार भाग असतात. पितळी नळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि गोळी तेवढी पुढे जाते. नळी मागेच राहते.

नळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असे असते. हे प्रमाण ठरण्यामागे कारण आहे. हे पितळ न फाटता ओढले जाते, बार उडताना फुगून बंदुकीच्या खोलीला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसून बाहेर काढता येते. गोळीवरचे पातळ वेष्टण मात्र जास्त तांब्याचे असते. त्यात जस्त साधारण ५ ते १० टक्केच. आतला गाभा शिशाचा, आणि तो कडक करायचा असेल तर त्यात थोडे अँटिमनी मिसळतात.

वजनाचा हिशोब तोळ्यात

गोळीचे वजन जगभर ग्रेनमध्ये सांगतात. आपल्या सराफ बांधवांना हा हिशोब सोपा जाईल, कारण ब्रिटिश अमलात ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा आहे. हरणासारख्या जनावरांसाठी प्रसिद्ध असलेल्या .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची गोळी म्हणजे नेमका एक तोळा. १९१२ साली आलेल्या .३७५ मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांना थोडी कमी. हत्ती व रेड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या .४७० नायट्रो एक्सप्रेसची ५०० ग्रेनची गोळी सुमारे पावणेतीन तोळे.

"बारा बोअर" हा शब्दही वजनातूनच आला आहे. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोल गोळ्या मिळून एक पौंड भरतो, म्हणून ती बारा बोअर. म्हणजे त्या नळीची एक गोल गोळी ५८३ ग्रेन, सव्वातीन तोळ्यांची झाली. वजनाने ती .४७० पेक्षाही भारी. तरीही हत्ती किंवा गव्यासारख्या जनावरासाठी ती कमी पडते. का?

वजन आणि जाडी यांचे नाते

सुतार खिळा ठोकतो तेव्हा तो टोकाच्या बाजूने आत जातो. तेवढ्याच लोखंडाची गोळी करून ठोकली तर लाकडाला खड्डा पडेल, आत काही जाणार नाही. गोळीचेही तसेच आहे. वजन किती यापेक्षा ते वजन किती रुंद तोंडामागे उभे आहे हे महत्त्वाचे.

यासाठी एक साधे गणित आहे. गोळीचे वजन पौंडात घ्यावे (ग्रेनला ७००० ने भागावे) आणि त्याला गोळीच्या इंचातील व्यासाच्या वर्गाने भागावे. जो आकडा येतो तो जितका मोठा, तितकी गोळी खोल जाण्याची शक्यता अधिक. बारा बोअरच्या गोल गोळीचा आकडा सुमारे ०.१६ येतो. .३०-०६ च्या एक तोळ्याच्या गोळीचा ०.२७. .३७५ च्या ३०० ग्रेनचा ०.३०५ आणि .४७० च्या ५०० ग्रेनचा सुमारे ०.३२. जाड कातडीच्या मोठ्या जनावरासाठी हा आकडा ०.३० च्या वर असावा, असा अनुभवी शिकाऱ्यांचा जुना दंडक आहे.

या दंडकाची सर्वांत मोठी साक्ष डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यातले बहुसंख्य .२७५ या लहान बोअरच्या रायफलने. त्या रायफलची १७३ ग्रेनची गोळी म्हणजे तोळाभरही नाही. पण ती लांब व बारीक होती, तिचा आकडा ०.३० च्या वर भरतो, आणि वेष्टण पूर्ण असल्याने ती हाडावर आदळूनही चेपत नसे. शिवाय बेलला हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे ठाऊक होते. याचा अर्थ लहान गोळी पुरेशी असते असा कोणी घेऊ नये. बेलइतका थंड डोक्याचा नेमबाज हजारात एखादा. म्हणूनच आफ्रिकेतील कित्येक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा ठरवून दिली आहे. त्यातून सामान्य हाताला थोडी चुकीची मुभा मिळते.

मऊ नाकाची की सॉलिड?

निवडीचा खरा कस इथे लागतो. गोळीचे दोन मुख्य प्रकार आहेत.

मऊ नाकाच्या गोळीचे टोक उघड्या शिशाचे असते. शरीरात शिरताच ते छत्रीसारखे उमलते, जखम रुंद होते आणि गोळीची सगळी ताकद जनावरातच खर्च होते. हा प्रकार आपल्याच देशाच्या नावाने जगभर गाजला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात अशा गोळ्या बनल्या आणि त्यांना "डमडम" नाव पडले. माणसांवरील युद्धात त्यांचा वापर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरवला. शिकारीत मात्र त्या चालू राहिल्या, कारण तिथे जनावर लवकर पडणे ही दयाच समजली जाते.

सॉलिड गोळीला पुढून पूर्ण वेष्टण असते, किंवा ती अखंड पितळ वा ब्राँझच्या सळईतून कातलेली असते. ती उमलत नाही. सरळ, खोल आणि हाड फोडून जाते.

वाघ व बिबट्या यांचे कातडे पातळ आणि शरीर सडपातळ. तिथे मऊ नाकाची गोळी योग्य. सॉलिड मारली तर ती आरपार जाते, जखम बारीक राहते, जखमी जनावर झुडपात शिरते आणि मागे उभ्या माणसालाही धोका होतो. जखमी बिबट्याइतके वाईट जनावर नाही, असे जुने शिकारी म्हणत ते यासाठीच. हत्तीच्या बाबतीत नेमके उलटे. त्याच्या कवटीचे हाड पोळ्यासारख्या पोकळ्यांचे आणि जाड असते. मऊ गोळी तिथेच फुलून अडकते, मेंदूपर्यंत पोचतच नाही. तिथे सॉलिडच हवी. गवा मध्ये येतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो, खांद्याचे हाड दणकट, पण शरीराच्या आतले अवयव उमलणाऱ्या गोळीलाही बळी पडणारे. अशा जनावराला उमलणारी पण न फुटणारी गोळी लागते. ही अट पूर्ण करण्यात कारागिरांची पन्नास वर्षे गेली.

लेथवर सुटलेला प्रश्न

१९४६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील जॉन नॉसलर हे ट्रकच्या धंद्यातले गृहस्थ कॅनडात मूस या प्रचंड सांबरवर्गीय जनावराच्या शिकारीला गेले. जनावराच्या अंगावर चिखलाचा सुकलेला थर होता. त्यांची रायफल वेगवान होती, पण गोळ्या वरच्यावर फुटत होत्या, आत जात नव्हत्या. बंदुकीत दोष नव्हता. वेग इतका वाढला होता की जुन्या बांधणीची गोळी तो सोसू शकत नव्हती.

घरी परतल्यावर नॉसलर यांनी नवी गोळी बनवली. तांब्याच्या मिश्रधातूचा तुकडा लेथवर दोन्ही बाजूंनी पोखरला आणि मधोमध धातूची एक भिंत ठेवली. पुढच्या खोलीत शिसे, मागच्या खोलीतही शिसे. पुढचा भाग उमलतो आणि भिंतीपाशी येऊन थांबतो. मागचा भाग शाबूत राहून गोळीला आत ढकलत नेतो. १९४८ मध्ये त्यांनी याचा धंदा सुरू केला आणि "पार्टिशन" नावाची ही गोळी आजही विकली जाते.

पुढे इतरांनी वेष्टण व शिसे एकमेकांना डाखाप्रमाणे जोडण्याची पद्धत काढली, म्हणजे उमलतानाही ते सुटू नयेत. १९८० नंतर शिसे पूर्ण वगळून अखंड तांब्याची उमलणारी गोळीही आली. त्यात एक अडचण आहे, तीही धातूचीच. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत. तेवढेच वजन हवे तर तांब्याची गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त हवा. एक गोष्ट बदलली की तीन बदलतात, हे कोणत्याही टर्नरला वेगळे सांगायला नको.

आमच्या कारागिरांनी यातून घ्यायचा धडा असा की, माल अपयशी ठरला म्हणजे लगेच "अजून जाड करा, अजून मोठे करा" हे उत्तर नसते. तो कुठे, कोणत्या क्षणी आणि कशामुळे तुटला हे पाहावे. नॉसलर यांनी बोअर वाढवला नाही, आतली रचना बदलली.

हिंदुस्थानातील बोअरचा इतिहास

कायदा बदलला की बाजार कसा बदलतो, याचेही उदाहरण याच धंद्यात आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यावर बंदी घातली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी तो दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल ही भीती होती. इंग्लंडच्या बंदूक-कारागिरांचा मोठा गिऱ्हाईक तर इथलाच. त्यांनी रडत बसण्याऐवजी .४६५, .४७० असे जवळचे नवे बोअर काढले. आज जगप्रसिद्ध असलेला .४७० अशा रीतीने हिंदुस्थानच्या बाजारामुळे पुढे आला. पुढे लष्करी .३०३ सामान्य परवानाधारकाला मना असल्याने आपल्याकडे .३१५ ही सरकारी कारखान्याची स्पोर्टिंग रायफल रूढ झाली.

त्याच १९०७ साली कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. त्यांच्याकडे त्याहून जड दुनळीही होती. जनावर, अंतर आणि झाडी पाहून ते हत्यार निवडत. कामाप्रमाणे अवजार, हे शहाणपण तेव्हाही तेच होते.

आज गोळी कोण झाडू शकतो?

तो जमाना संपला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली आज छंदाची शिकार गुन्हा आहे. अनुसूची एकमधील जनावर मानवी जीवाला धोकादायक झाले किंवा बरे न होण्याइतके जायबंदी वा आजारी असले, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली कारणे नोंदवून लेखी हुकूम देऊ शकतात. त्याआधी ते जनावर पकडणे, गुंगी देणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, याची त्यांची खात्री व्हावी लागते. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या बचावाला कायद्यात जागा आहे. पण मेलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. म्हणूनच वाघनख सोन्यात मढवून द्यायचे काम घेणारा सोनारही गुन्ह्यात सापडतो.

विदर्भातील टी-१ उर्फ अवनी वाघिणीचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री हैदराबादचे शिकारी शाफत अली खान यांचे पुत्र असगर अली यांच्या गोळीने ती मेली. त्यानंतर देशभर वाद झाला. तो गोळीच्या बोअरवर नव्हता. आधी गुंगीचे इंजेक्शन नीट दिले गेले का, हुकुमाच्या अटी पाळल्या का, यावर होता. म्हणजे गोळी बरोबर असणे पुरत नाही, कागदही बरोबर लागतो.

वस्तीत शिरलेल्या जनावरावर तर बहुधा गोळीचा प्रश्नच येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या उल्हासनगरात बिबट्या शिरला तेव्हा वन विभागाने त्याला गुंगी देऊन पकडले. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये आलेला गवा मात्र पकडण्याच्या धावपळीत मेला. तिथे सर्वांत मोठी अडचण बघ्यांच्या गर्दीची होती. अशा वेळी दुकानाचे शटर ओढून घरात थांबणे आणि वन विभागाला कळवणे, हीच मदत.

शरीअतच्या अंगानेही एक शब्द. करमणुकीसाठी जीव घेणे आपल्याकडे नापसंत आहे. खाण्याच्या जनावराबाबतही उपखंडातील हनफी उलमांचे बहुमत असे की, जबह करण्याआधी जे गोळीने मेले ते हलाल नाही, कारण गोळी धारेने कापत नाही, जोराने फोडते. अधिक खुलासा आपापल्या आलिमांना विचारावा.

कारखानदार व भंगारवाल्यांसाठी खबरदारी

आता मूळ मुद्दा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या सुट्या भागांचाही विचार केलेला आहे. विनापरवाना दारूगोळा बनवणे, विकणे किंवा दुरुस्त करणे यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. "मला माहीत नव्हते" हे सांगत कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे.

१. कोणी टोकदार किंवा गोल नाकाचा, कमरेला बारीक खाच असलेला पितळी वा तांब्याचा तुकडा मोठ्या संख्येने कातायला आणला, तर हा भाग कशाचा, हे विचारावे. "शोभेची वस्तू", "किचेन" हे उत्तर पुरेसे मानू नये.

२. गिऱ्हाइकाकडून लेखी ऑर्डर, जीएसटी बिल आणि भाग संरक्षण खात्याशी संबंधित असल्यास मूळ परवाना व ऑर्डरची प्रत मागावी. खरा ठेकेदार ती द्यायला कचरत नाही. जो कचरतो, त्याचे ड्रॉइंग परत द्यावे.

३. जास्त भाव, रोख पैसे आणि रात्रीची डिलिव्हरी हे तिन्ही एकत्र आले तर काम घेऊ नये. आज मिळणारी ही रोजी उद्या घरची बरकत घेऊन जाईल.

४. भंगारात पितळी काडतुसे आली तर भरलेली व रिकामी आपण वेगळी करत बसू नये. हातोडा मारू नये, गरम करू नये, भट्टीत टाकू नये. भट्टीत गेलेली एक जिवंत टोपीही डोळा घेऊ शकते. माल जागच्या जागी ठेवून पोलिसांना कळवावे.

५. तरुण कामगाराला "बनवून बघतो" अशी हौस असते. मालकाने त्याला स्पष्ट शब्दांत रोखावे. लेथ मालकाचा असेल तर जबाबदारीही मालकावर येते.

सरळ मार्ग बंद नाही. २००१ पासून संरक्षण उत्पादन परवान्याच्या अटीवर खाजगी उद्योगाला खुले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, तिथलाच मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, आणि खडकी व वरणगावचे दारूगोळा कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. या कंपन्या बाहेरूनही माल घेतात. फिक्स्चर, गेज, डाय, पॅकिंग, खोकी अशा अनेक वस्तूंना शस्त्राचा परवाना लागत नाही. विक्रेता म्हणून नोंदणी, मालाची तपासणी आणि वेळेवर पुरवठा एवढेच लागते. कात्रप-अंबरनाथच्या ज्या बांधवांच्या हातात मायक्रोमीटर आहे, त्यांनी टेंडरची चौकशी करावी. दोन-तीन लहान कारखाने मिळूनही हे काम उचलता येईल.

मोठ्या जनावराची गोळी निवडताना जाणता शिकारी तीन प्रश्न विचारतो. जनावर कोणते, गोळी आत जाऊन काय करील, आणि ती झाडायची परवानगी आहे काय. आमच्या कारागिरानेही कामाला हात घालण्याआधी हेच तीन प्रश्न विचारावेत. वस्तू कशासाठी, ती वापरात गेल्यावर काय करील, आणि ती बनवायचा परवाना आहे काय. तिन्हींचे उत्तर साफ असेल तर लेथ सुरू करावा.